दिवेलागणीला विझणारा बॉयलर

डब्लिनमध्ये मराठी माणूस मराठी माणसाला भेटला की "काय करता?" असं विचारत नाही, "कुठल्या कंपनीत?" असं विचारतो. उत्तरात एखादी टेक कंपनी येणार नाहीतर एखादं हॉस्पिटल, हे त्यानं मनात धरलेलंच असतं. मी "घरोघरचे बॉयलर दुरुस्त करतो" म्हणालो की तो दोन सेकंद थांबतो आणि माझ्या बायकोकडे बघतो. ती नर्स आहे हे कळलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. मग दहा मिनिटांनी, जेवणाची ताटं हातात असताना, तोच मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "आमचा बॉयलर सकाळी जरा गुरगुरतो हो. काय असेल?"

सोळा वर्षं मी हे काम करतोय. त्याआधी सांगलीजवळच्या एका दूध डेअरीत बॉयलर अटेंडंट होतो. तिथला बॉयलर एका खोलीएवढा. दसऱ्याला त्याला हार घालायचा, नारळ फोडायचा आणि वर्षभर त्याच्याशी अदबीनं वागायचं. बायकोला इथे नोकरी लागली म्हणून आलो, तर इथला बॉयलर स्वयंपाकघरातल्या कपाटात बसवलेला. कपाटाला इथे 'प्रेस' म्हणतात. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला हसूच आलं. पुढे चाळिशी उलटल्यावर पुन्हा वहीपेन घेऊन परीक्षा दिल्या, गॅसच्या कामाचा परवाना काढला, आणि दोनदा नापास झालो तेव्हा हसू आपोआप थांबलं.

ज्यांना या डब्यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॉयलर पाणी तापवतो. ते पाणी भिंतीतल्या नळ्यांमधून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि घर गरम राहतं. त्याला चार गोष्टी लागतात: वीज, गॅस, हवा आणि निचरा. यातली एक जरी रुसली तरी तो पेटत नाही. दोनतीनदा प्रयत्न करतो, मग स्वतःला कुलूप लावून घेतो आणि पडद्यावर एक आकडा दाखवून गप्प बसतो. लोकांना वाटतं तो बिघडला. पुष्कळदा तो बिघडलेला नसतो, काहीतरी सांगत असतो. ऐकणारा धड पाहिजे.

सँडीफोर्डच्या एका फ्लॅटमधल्या इंजिनिअरनं मी पोचायच्या आधी मला तीन पानी ईमेल पाठवली होती. त्यात आकृत्यासुद्धा होत्या. मी गेलो, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटमधले दोन सेल बदलले आणि घर गरम झालं. बिचाऱ्याचा चेहरा इतका पडला की निघताना मीच म्हणालो, "तुमची दुसरी आकृती मात्र बरोबर होती."

कॉर्ककडे एक नोरा नावाची आजीबाई होती. तिचं घर असं की बॉयलरपर्यंत पोचायला आधी मांजर उचलायचं, मग ओले बूट, मग इस्त्रीचे कपडे. ती बसल्या जागेवरून म्हणायची, "डोन्ट माइंड द स्टेट ऑफ द प्लेस, लव्ह." घराच्या अवस्थेकडे लक्ष देऊ नकोस, राजा. बॉयलर ठणठणीत होता, पण घर गार. कारण थर्मोस्टॅटच्या बरोबर खाली टेबलावर दिवा लावलेला. थर्मोस्टॅटला वाटायचं घर उबदार आहे, आणि तो बॉयलर बंद करायचा. दिवा दोन फूट सरकवला आणि काम झालं. नोरानं घर आवरलं नव्हतं म्हणून मला तो दिवा दिसला, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. तेव्हा मी व्हॅनमध्ये बसून मनाशी म्हणालो होतो, आपल्या लोकांकडे काम करणं किती बरं, सगळं कसं चकाचक असतं.

या आपल्या लोकांच्या चकाचक घरानंच माझी फजिती केली. तीच गोष्ट सांगायची आहे.

सन 2020 चा ऑक्टोबर. क्लोनडॉकिनच्या एका वसाहतीत मिलिंद आणि पल्लवी राहायचे. मिलिंद सॉफ्टवेअरवाला, घरूनच काम करायचा. पल्लवी नुकतीच बाळंत झालेली, मुलगी तीन आठवड्यांची. मिलिंदची आई अमरावतीहून मार्चच्या सुरुवातीला दोन महिन्यांसाठी आली होती आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकली होती. घरचं माहेरचं कुणी येऊ शकत नव्हतं. त्या बाळाचं तेल-आंघोळ, पल्लवीचा शेक, डिंकाचे लाडू, सगळं त्या एकट्या बाई बघत होत्या. आणि त्यांच्या घरातला बॉयलर रोज बंद पडत होता.

मिलिंदचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज रडवेला होता. "काका, दिवसभर मस्त चालतो. संध्याकाळी बंद. मी रिसेट करतो, दहा मिनिटं चालतो, पुन्हा बंद. बाळाला किटलीत पाणी तापवून आंघोळ घालतोय आम्ही."

तेव्हा टाळेबंदीतही आमचं काम चालू होतं, पण नियम कडक. मी मास्क घालून आत जायचं, घरच्यांनी दुसऱ्या खोलीत बसायचं, खिडक्या उघड्या ठेवायच्या. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला येतो म्हणून सांगितलं आणि बरोबर दहाला गेलो.

घर बघून मन प्रसन्न झालं. बॉयलर मागच्या छोट्या खोलीत, धुण्याच्या यंत्राशेजारी. तिथली फरशी पुसलेली, कपडे घड्या करून ठेवलेले. मागच्या अंगणात गेलो. बॉयलरची धूर सोडणारी नळी भिंतीतून छातीच्या उंचीवर बाहेर आलेली, तिच्या आसपास काही नाही, झाडून लख्ख. आम्ही ही नळी नेहमी आधी बघतो. ती दुहेरी असते: आतल्या नळीतून धूर बाहेर जातो आणि बाहेरच्या नळीतून ताजी हवा आत येते. तिचं तोंड मोकळं असणं म्हणजे बॉयलरचं नाक मोकळं असणं. मी कागदावर बरोबरची खूण केली.

बॉयलर पहिल्या फटक्यात पेटला. अर्धा तास चालवला, एकदाही विझला नाही. पडद्यावरच्या जुन्या नोंदीत एकच तक्रार होती, ज्योत टिकत नाही. संध्याकाळीच का, याचा मी विचार केला. संध्याकाळी सगळी वसाहत बॉयलर लावते, गॅसचा दाब कमी होत असेल. दाब मोजला, भरपूर होता. ज्योत पेटवणारी कांडी साफ केली आणि निघालो. व्हॅनशेजारच्या कठड्यावर स्टीलचा डबा ठेवलेला होता. बंद दारामागून आजींचा, म्हणजे मिलिंदच्या आईचा, आवाज आला, "भाऊ, पोहे हायत. गरम हायत तवरच खा जी!"

त्याच संध्याकाळी बॉयलर बंद पडला.

चार दिवसांनी पुन्हा गेलो, पुन्हा आधी वेळ सांगून. पुन्हा घर लख्ख, बॉयलर ठणठणीत, डबा कठड्यावर. या वेळी साबुदाण्याची खिचडी. मी बॉयलरचा पंखा बदलला. खरं सांगायचं तर त्या पंख्यात काही दोष नव्हता. पण पल्लवी वरच्या खोलीत बाळाला दोन दुपट्यांत गुंडाळून बसली होती, आणि बाळाच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती, घरात. मला रिकाम्या हातानं परत जायची लाज वाटली. न कळणाऱ्या दुखण्यावर औषध बदलून बघणाऱ्या डॉक्टरला मी आयुष्यभर नावं ठेवली होती, आणि त्या दिवशी मी तेच केलं. अजूनही तो पंखा आठवला की कान गरम होतात.

त्या संध्याकाळीही तेच. माझा साहेब डेक्लन फोनवर म्हणाला, "युअर मॅन इन क्लोनडॉकिन रंग अगेन." युअर मॅन म्हणजे आपला तो माणूस, मिलिंद; त्याचा पुन्हा फोन आला होता. मग डेक्लन म्हणाला, "मी दुसरा कुणी पाठवू का?"

डेक्लन सज्जन माणूस, टोमणा मारण्याचा त्याचा स्वभाव नाही. म्हणूनच ते जास्त लागलं. मी म्हणालो, "एक दिवस दे."

घरी येऊन बसलो. मिलिंदनं एव्हाना एक तक्ता करून पाठवला होता. इंजिनिअरच तो. रोज बॉयलर किती वाजता बंद पडला, किती वेळा रिसेट केला, बाहेरचं तापमान किती, सगळं. मी चष्मा लावून वरून खाली वाचत गेलो. ऑक्टोबरच्या मध्याला साडेसहाच्या पुढे. मग सव्वासहा. मग सहा. महिनाअखेरीला इथे घड्याळं एक तास मागे करतात, त्या दिवशी एकदम पाच. नोव्हेंबर लागला तसं पावणेपाच. तापमानाचा काही संबंध नव्हता. गार दिवशी तेच, उबदार दिवशी तेच. मिलिंदनं शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, "टायमरचा दोष?" पण टायमर मी स्वतः तपासला होता.

बायको ड्यूटीवरून आली होती. मी तिला तो तक्ता दाखवला. ती हॉस्पिटलात तापाचे तक्ते बघणारी बाई. एक नजर टाकून म्हणाली, "दिवस मावळला की बंद पडतो तुझा बॉयलर."

मी म्हणालो, "बॉयलरला काय कळतं दिवस मावळलेला?"

"त्याला नसेल कळत," ती म्हणाली, "घरातल्या कुणाला तरी कळत असेल."

एवढं बोलून ती उठली आणि देवापाशी दिवा लावायला गेली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो. मराठी घरात दिवस मावळल्यावर काय होतं, हे डेक्लननं पाठवलेल्या दुसऱ्या कुणाला कळणं शक्य नव्हतं. आणि मला ते कळायला दोन फेऱ्या आणि एक पंखा लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला नाही. पावणेपाचच्या सुमाराला व्हॅन घेऊन गेलो आणि घराच्या मागच्या गल्लीत लावली. थंडी होती. ओळीनं सगळ्या घरांच्या मागून बॉयलरची पांढरी वाफ वर जात होती. मिलिंदच्या घरामागून जात नव्हती. कचऱ्याच्या डब्यांशेजारचं बाजूचं फाटक लोटलं, आत डोकावलो आणि जागच्या जागी थिजलो.

उलट्या बादलीवर कुंडी, कुंडीत वीतभर उंचीची तुळस. बरोबर धुराच्या नळीच्या तोंडाखाली. आणि तुळस, कुंडी, नळी या सगळ्यांवर मिळून एक पारदर्शक प्लास्टिकचा तंबू. बाळाच्या गाडीवर पावसासाठी घालतात तेच आवरण, कपड्यांचे चिमटे लावून नीट बसवलेलं. आत सगळं वाफेनं धुरकट झालेलं. समोर पायरीवर निरांजन तेवत होतं. आणि स्वेटर, कानटोपी आणि पायमोज्यांवर चपला घातलेल्या आजी डोळे मिटून हात जोडून उभ्या होत्या.

मी आधी धावत जाऊन ते आवरण ओढून काढलं. मग मान वर करून बघितलं. वरच्या मजल्यावर, नळीच्या बरोबर डोक्यावर, बाळाच्या खोलीची खिडकी होती. बोटभर उघडी. जळलेल्या गॅसमधला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि साठला तर झोपलेल्या माणसाला उठू देत नाही. या धंद्यात आम्हाला त्याच्याइतकी भीती कशाचीच शिकवलेली नसते.

आजींनी डोळे उघडले. मला बघून त्यांचा हात आधी कानटोपीकडे गेला.

"अगं बाई! भाऊ, तुमी? आज त तुमचं येनं नवतं. काहीच आवरलं नाही जी मी!"

मला हसावं की रडावं कळेना. म्हणालो, "मावशी, मी येणार असलो की तुम्ही हे सगळं काढून ठेवता?"

"मंग? पाहुना येते त असा पसारा ठेवाव काय? सकाळी ऊन द्याले काढतोच मी. तुमी येनार असले की कुंडी बी तिकडे नेऊन ठेवतो अन् झाडून घेतो."

"आणि रोज संध्याकाळी दिवा लावला की हे घालता."

"तिले थंडी वाजते ना भाऊ. ह्या नळीतून गरम हवा येते, थे वाया जाते. म्हटलं तिले तरी होईल ऊब."

सगळं जागच्या जागी बसलं. तंबूमुळे धुराला बाहेर जायला वाट नव्हती. बॉयलर आपलाच धूर परत आत ओढत होता. हवा मिळाली नाही की ज्योत विझायची आणि तो स्वतःला कुलूप लावून घ्यायचा. रोज. मिलिंद घरातूनच रिसेट करायचा, अंधारात मागच्या अंगणात कधी डोकवायचा नाही, आणि बॉयलर पुन्हा विझायचा. ज्या बॉयलरला आम्ही सगळे हट्टी म्हणत होतो, तो त्या घरातला सगळ्यात शहाणा होता. तो बंद पडला नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही पुरता करत नाही.

मिलिंद आवाज ऐकून बाहेर आला, त्याच्या मागे पल्लवी. मी त्यांना दूर उभं करून समजावलं. मी आवाज चढवला नाही, पण आजींना कळलं. त्यांनी वरच्या खिडकीकडे पाहिलं आणि त्या पायरीवर मटकन बसल्या.

"मी माह्या हातानं..." एवढंच म्हणाल्या.

अंतर ठेवायचं होतं, नाहीतर मी शेजारी बसलो असतो. लांबूनच विचारलं, "मावशी, आत का नाही ठेवली हो?"

"आत कुठी ठेवू? खिडकी हाय ती सयपाकघराची. तिथं हे दोघं अंडे तळतात." मिलिंदनं मान खाली घातली. "माह्या पूजेच्या पिशवीत मंजिऱ्या होत्या. मार्चात पेरल्या. सारे म्हणत होते इथं नाही जगत. ते गेले तवापासून मी एका वर्षीबी तुळशीचं लग्न चुकवलं नाही. याच महिन्यात हाय ना. म्हटलं तवर त टिकू दे."

मी नाक पुसलं. थंडीनं वाहतं ते.

मग मी माझं काम केलं, आणि त्या घरातलं माझं सगळ्यात चांगलं काम तेच होतं. परवानगी घेऊन घरभर फिरलो. जिन्याच्या मधल्या वळणावर दक्षिणेकडची खिडकी, तिच्याखाली रेडिएटर, आणि खिडकीची फळी चांगली रुंद. स्वयंपाकघरापासून लांब, अंड्यांचा वाससुद्धा येणार नाही. तिथे कुंडी ठेवली. रेडिएटरची चावी कमी केली, नाहीतर मुळं भाजली असती. बाळाच्या खोलीत आणि खाली विषारी वायूची सूचना देणारी घंटी बसवली. खिडक्या उघडून घर मोकळं केलं, बॉयलर सुरू केला, आणि तो सुरू राहिला. पाऊण तास मी व्हॅनमध्ये थांबलो. मिलिंदनं फोन करून सांगितलं, पल्लवीनं बाळाची टोपी काढली. त्या दिवशी कुणी डबा दिला नाही. आजींच्या ते लक्षातच राहिलं नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं.

डेक्लनला सगळं खरं सांगितलं, पंख्यासकट. तो म्हणाला, "लेट मी गेट धिस स्ट्रेट. द प्लांट वॉज गेटिंग मॅरिड?" झाडाचं लग्न होतं? मी हो म्हणालो. "ग्रँड," तो म्हणाला. या देशात ग्रँड म्हणजे ठीक आहे, चालेल, असू दे, जाऊ दे, सगळं काही.

लग्नाला मला बोलावलं होतं, पण कुणाच्या घरात जायची बंदी होती. मी बाहेरच्या पदपथावर मास्क लावून उभा राहिलो. मिलिंदनं जिन्याची खिडकी उघडली. आतून मंगलाष्टकं ऐकू आली, आणि मी मूठभर तांदूळ खिडकीच्या दिशेनं फेकले. एकही आत गेला नाही. कुत्रं फिरवणारा एक शेजारी थांबला, बघितलं, आणि "फेअर प्ले टू यू" म्हणून पुढे गेला. शाब्बास म्हणण्याची ही इथली तऱ्हा.

त्यानंतर मी माझी पद्धत बदलली. आपल्या लोकांचा फोन आला की आधी सांगतो, मी यायच्या आधी काही आवरू नका. पसारा असेल तसा राहू दे. लोकांना ते फार जड जातं. एका बाईंनी विचारलं, "निदान केर काढू का?" मी म्हणालो, "केरसुद्धा नको."

पुढच्या वर्षी, 2021 च्या ऑक्टोबरात, मिलिंदचा बॉयलर वर्षाच्या तपासणीला आला. आजी ऑगस्टमध्येच अमरावतीला परतल्या होत्या. मी मुद्दाम दिवसातलं शेवटचं काम म्हणून ते ठेवलं. पल्लवीनं दार उघडलं आणि अभिमानानं बाजूला झाली. जिकडेतिकडे खेळणी, सोफ्यावर धुण्याचा डोंगर, जेवणाच्या टेबलावर तीन लॅपटॉप आणि अर्धवट खाल्लेलं केळं.

"बघा काका, कशाला हात लावलेला नाही. आईंची सक्त ताकीद आहे."

एक वर्षाची पोरगी उघड्या पायांनी, बिनटोपीची, रेडिएटरला धरून उभी होती. वर जिन्याच्या वळणावर तुळस हातभर वाढली होती. मी मागच्या खोलीत जाऊन बॉयलर उघडला, साफ केला, झाकण लावून सुरू केला. तोवर बाहेर अंधारून आलं. जिन्यावर काडी ओढल्याचा आवाज आला. पल्लवी तुळशीपाशी दिवा लावत होती.

मी बॉयलरच्या काचेतून आतल्या निळ्या ज्योतीकडे बघत उभा राहिलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. ती हलली नाही.

मिलिंद फोन घेऊन आला. पडद्यावर आजी होत्या. तिकडे रात्रीचे साडेदहा अकरा झाले असतील, पण त्या वाट बघत जाग्या होत्या.

"भाऊ," त्यांनी विचारलं, "पेटला ना जी?"

"दोन्ही पेटले, मावशी," मी म्हणालो.